खोल श्वास घेऊ नका

लोकांना झोपवणं हा माझा धंदा होता, असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "काही उपाय आहे का हो?" म्हणजे हसणाऱ्यालाही झोप नसते. योगासनं मी पुष्कळ वर्षं शिकवली, आधी पार्ल्यात आणि मग मुलुंडला. पण माझं नाव झालं ते शवासनामुळे, म्हणजे ज्यात काहीच करायचं नसतं त्या आसनामुळे. आमच्या ह्यांचे मित्र चेष्टेनं म्हणायचे की वहिनी काही न करण्याची फी घेतात. खोटं नव्हतं ते. पण काही न करणं किती अवघड आहे, हे ज्याची झोप उडाली आहे त्याला विचारावं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'झोपेचे चार हलकेफुलके किस्से' मागितले आहेत. हलके आहेत ते आधी सांगून टाकते, कारण जे खरं सांगायचं आहे ते हलकं नाही.

घाटकोपरहून एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. "बाई, वर्ष झालं, डोळ्याला डोळा नाही," असं रोज सांगायचे आणि शवासनात पाठ टेकली की असे घोरायचे की शेजारच्या बायका सतरंज्या उचलून दुसऱ्या भिंतीकडे जायच्या. जागे झाले की म्हणायचे, "पाहिलंत? आजही नाही लागली." मी एकदा धीर करून म्हटलं की मास्तर, तुम्ही घोरत होता. ते इतके दुखावले की आठवडाभर आले नाहीत. त्यानंतर मी कुणालाही तो झोपला होता असं सांगितलं नाही.

पार्ल्यातल्या एका वहिनींना मी दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं होतं, सहाणेवर दोन वेढे, बस्स. त्यांना वाटलं, दोन वेढ्यांनी थोडी झोप तर अख्ख्या जायफळानं पुष्कळ. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं गरगरत होतं, तोंड कोरडं पडलं होतं, आणि त्यांचे यजमान माझ्या दारात उभे होते. तेव्हापासून मी जायफळ हा शब्द उच्चारला की पाठोपाठ 'चिमूटभरही नको' असं म्हणायची.

धंद्याची गोष्ट सांगायची तर ती एवढीच की झोप आणता येत नाही. तिच्या वाटेत जी अडगळ पडलेली असते ती उचलता येते. दुपारनंतरचा चहा बंद. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, म्हणजे किती वाजले आणि किती तास उरले ही बेरीज-वजाबाकी थांबते. अंथरूण फक्त झोपण्यासाठी. त्यावर बसून भाजी निवडायची नाही आणि सासूशी भांडायचंही नाही. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं. जबडा सैल सोडायचा, कारण काळजी करणारा माणूस दात आवळून झोपतो आणि सकाळी डोकं दुखतं म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला जातो. आणि श्वास. "खोल श्वास घ्या, सावकाश सोडा," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. माझा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता.

ते वाक्य ऐकून एक माणूस माझ्या वर्गातून जीव घेऊन पळाला, त्याची ही हकीकत आहे.

भोपाळ झालं त्या हिवाळ्यात माझा मुलुंडचा वर्ग एकाएकी भरला. पश्चिमेला मोठ्या रस्त्यानं भांडुपपर्यंत तेव्हा कारखान्यांची रांग होती, औषधांचे, रंगांचे, रसायनांचे. आम्ही त्या वासांत राहायचो आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आज वारा कुठला आहे हे नाकानं कळायचं इतकंच. भोपाळनंतर तेच वास आम्ही थांबून हुंगायला लागलो. बाजारात भाजी घेताना एखादी बाई मध्येच थबकायची, नाक वर करायची, आणि आजूबाजूच्या चारजणी आपोआप नाक वर करायच्या. रात्री पोरांना कुशीत घेऊन आयाबाया जाग्या राहायच्या आणि सकाळी अकरा वाजता माझ्याकडे यायच्या.

शाळेच्या मागच्या व्यायामशाळेत माझा तो अकराचा वर्ग. एकदा वर्ग सुरू होण्याआधी दोन पुरुष दारात आले. पुढचा काळासावळा, उंच, बोलका. त्यानं मागच्याचा दंड धरला होता, पोलिसानं धरावा तसा.

"बाई, मी कांबळे. हा घाडी. आम्ही एकाच खात्यात आहोत," तो म्हणाला. "ह्याला झोपवा. नाही तर हा एक दिवस आम्हाला सगळ्यांना झोपवेल."

कांबळे हे हसून म्हणाले होते. मागचा माणूस मात्र हसला नाही.

महादेव घाडी कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, ते स्वतः रंगाच्या कारखान्यात लागले. त्या कारखान्यात क्लोरीन वायू वापरायचे. तो मोठाल्या आडव्या टाक्यांतून यायचा. टाकी नळीला जोडून तिचा वॉल्व्ह उघडायचा, टाकी रिकामी झाली की बंद करून सोडवायची, हे घाडी आणि कांबळे या दोघांचं काम. घाडींचे डोळे लाल होते, गाल बसलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बघत होते. मला वाटलं, माणूस लाजतोय.

मी त्यांना खिडकीजवळची सतरंजी दिली. सगळे आडवे झाले. पाय सैल, पोटऱ्या सैल, माझं नेहमीचं गुऱ्हाळ सुरू झालं, आणि मग मी म्हटलं, "आता एक खोल श्वास घ्या. पोटापर्यंत. अजून खोल."

घाडी ताडकन उठून बसले. तोंडावर हात, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या क्षणी सतरंज्यांवरून, माणसांच्या हातापायांवरून उड्या टाकत ते बाहेर पळाले. पोस्टमास्तर जागे होऊन "काय झालं, काय झालं" करायला लागले. मी बाहेर गेले तर घाडी पटांगणात वाऱ्याकडे तोंड करून उभे होते.

"बाई, तुमची चूक नाही," कांबळे मागून म्हणाले. "आमच्यात कुणी खोल श्वास घेत नाही. वास आला की श्वास तिथंच धरायचा आणि वाऱ्याला आडवी दिशा धरून निघायचं. लागलाच घ्यायला तर चमचाभर घ्यायचा. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. खोल घेतला तो मेला."

मी त्या दिवशी पहिल्यांदा घाडींची छाती नीट पाहिली. ती हलतच नव्हती. गळ्याजवळ थोडंसं काहीतरी हलायचं. कित्येक वर्षं तो माणूस घोट घोट श्वासावर जगत होता, घरीसुद्धा, आणि मी त्याला पोट भरून घ्यायला सांगत होते.

पायरीवर बसून ते मग बोलले. आवाज बारीक होता. "मला कामाची भीती नाय बाई. झोपेची आहे. भोपाळची माणसं झोपेत गेली ना? जो जागा होता तो पळाला. पेपरात फोटो बघितलात तुम्ही? पोरं अशी आडवी, रांगेनं. माझी पोरं पण तशीच निजतात, रांगेनं."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या त्यांनी घेतल्या नव्हत्या. "गोळी घेतली नि त्याच वेळी वायू आला तर? मला उठवणार कोण?"

इतर माणसांची भीती मी सरळ बाजूला सारत असे, तुमच्या मनाचे खेळ आहेत म्हणत असे. या माणसाची भीती खोटी नव्हती. त्याचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं आणि भिंतीपलीकडे काय आहे, ते त्याच्याच हातात होतं.

जाताना कांबळेंनी मला बाजूला घेतलं. दोनच दिवसांपूर्वी वॉल्व्हवर हात असताना घाडींचे डोळे मिटले होते. उभ्याउभ्या. कांबळे ओरडले म्हणून ते दचकले आणि हात उलटा फिरायचा राहिला. "साहेबाला माहीत नाय," कांबळे म्हणाले. "सांगितलं तर ह्याची वाट लागेल. नाय सांगितलं तर..." त्यांनी शाळेकडे पाहिलं. मधली सुट्टी होती, पोरांचा गलका चालला होता. त्या गलक्यात माझी मुलगी होती, तिसरीतली.

मी म्हटलं, "कांबळे, उद्यापासून त्यांना त्या वॉल्व्हपाशी उभं करायचं नाही. काय वाटेल ते सांगा तुमच्या साहेबाला. नाही तर मी येऊन सांगते."

कांबळेंनी साहेबाला घाडींची पाठ धरल्याचं निमित्त सांगितलं. घाडींना स्टोअरला लावलं, पाळी तिसरीच, रात्रीची, ठेवली. महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर परत वॉल्व्ह. मला तेवढाच वेळ होता.

मी माझं लाडकं वाक्य टाकून दिलं. श्वास घेण्याबद्दल घाडींशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. सोडायचा फक्त. ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत सोडायचा, संपेपर्यंत. सोडणं त्यांना चालायचं, सोडण्यात धोका नव्हता. आत घ्यायचं काम शरीर आपलं आपण करेल, ते बघू नका, असं मी सांगितलं. वर्ग संपल्यावर ते खिडकीपाशी बसून गुणगुणायचे, डोळे उघडे ठेवून, नजर समोरच्या गच्चीवरच्या साड्यांवर. आता मला कळलं होतं की ते साड्या बघत नाहीत, वारा बघतात. कारखान्यात खांबाला एक कापडी पिशवी बांधलेली असते वाऱ्याची दिशा दाखवायला. इथं साड्या होत्या.

खांदे उतरले. जबडा सुटला. झोप मात्र नाही. डोळे मिटले की चारदोन क्षणांत हिसका बसून उघडायचे. आणि महिना सरत होता.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. एक खोली, वर तापलेले पत्रे, आणि दोन्ही खिडक्या बंद. फटींत चिंध्या कोंबलेल्या. दाराखाली ओला टॉवेल. आत जाताच मला कोंडल्यासारखं झालं. घाडी चटईवर भिंतीला टेकून बसले होते, तिसऱ्या पाळीहून आलेले, डोळे उघडे. त्यांच्या मंडळी सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. बारीक चणीची, ठणठणीत आवाजाची बाई.

"बगा बाई आमचो राजवाडो," त्या म्हणाल्या. "शेजारीण फोडणी देता, हे पोरांका उठवतत. धोबी इस्त्री करता, हे पोरांका उठवतत. परवा तर माका म्हणाले, तुज्या केसांक वास येता. शिकेकाईचो वास गे बाये तो!"

मी हसले, त्याही हसल्या, आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदरानं तोंड झाकून त्या पाठमोऱ्या झाल्या.

काशाची वाटी मी बरोबर नेली होती. ती बघून सुलोचनाबाई म्हणाल्या की आपल्याकडे आईनं दिलेली वाटी आहे, तुमची राहू द्या. त्यांनी नवऱ्याचे तळपाय घासायला घेतले. तूप काळं होत होतं, घाडींचे डोळे जड होत होते, आणि मिटले की पुन्हा हिसका. पुन्हा. मला बघवेना.

वैतागून मी विचारलं, "घाडी, एक सांगा. वॉल्व्ह उघडताना नाही भीती वाटत तुम्हाला?"

"नाय."

"का नाही? तिथं तर वायू नाकासमोर असतो."

"तिथं जोडीदार असतो ना," ते म्हणाले, मला एवढंही कळू नये असा चेहरा करून.

मग त्यांनी समजावून सांगितलं. वॉल्व्हला कुणी एकटा हात लावत नाही. एक उघडतो आणि दुसरा थोडा लांब, वारा येतो त्या अंगाला, नुसता उभा राहतो. त्याच्याकडे दुसरं काही काम नसतं. बिडी नाही, गप्पा नाहीत. उघडणारा आधी विचारतो, "आहेस?" तो म्हणतो, "आहे." हे ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि उघडणारा काम संपवून परत येऊन "झालं" म्हणेपर्यंत जोडीदारानं जागा सोडायची नाही, मग भोंगा होवो की साहेब बोलावो. "कांबळे उभा असला की मी माझा असतो," घाडी म्हणाले. "मला फक्त हातातलं बघायचं. बाकीचं तो बघतो."

तळपायावर फिरणारी वाटी थांबली. सुलोचनाबाईंना माझ्या आधी कळलं होतं.

"मगे मी काय मेलंय?" त्या म्हणाल्या. "मी उबी रवतंय. निजा तुमी."

"तुला काय कळतंय त्यातलं? वास ओळखशील?"

"शिकवा माका."

आणि त्या माणसानं बायकोला शिकवलं. मी चटईच्या कडेला बसून ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. क्लोरीनचा वास कसा, ब्लीचिंग पावडरीचा कसा, दोन्हींत फरक काय. वारा कुठून ते बाहेरच्या दोरीवरच्या कपड्यांवरून कसं बघायचं. वायू जड असतो, जमिनीलगत येतो, म्हणून खाली रस्त्यावर पळायचं नाही, पोरांना घेऊन पलीकडच्या पक्क्या इमारतीच्या गच्चीवर चढायचं. फडकं भिजवून नाकावर. श्वास चमचाभर. त्या प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होत्या, आणि चुकल्या की ते तिथंच थांबवत होते. नव्या माणसाला कारखान्यात शिकवतात तसं. "आधी कोण?" "धाकटो." "मग?" "मग थोरलो. मग तुमी." "मला शेवटी का?" "तुमी जड असात. तुमका हाक मारूची लागतली."

पुरे पुरे वाटल्यावर घाडी आडवे झाले. सुलोचनाबाईंनी खिडकीतल्या चिंध्या काढल्या, कारण कपडे दिसायला हवे होते. भोपाळनंतर ती खिडकी पहिल्यांदा उघडली. तांदळाचं सूप बाजूला सारून त्या खिडकीत उभ्या राहिल्या.

घाडींनी डोळे मिटले आणि विचारलं, "आहेस?"

"आसंय."

त्यांनी गुणगुणत श्वास सोडला. पुन्हा सोडला. एक हिसका आला आणि अर्ध्यावर विरला. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. गळ्यापाशी हलणारं ते थोडंसं काहीतरी हळूहळू खाली उतरलं, बरगड्यांपर्यंत, मग पोटापर्यंत, आणि मग झोपेत त्या माणसानं एक खोल श्वास घेतला. मी न सांगता. पोट वर आलं, क्षणभर थांबलं आणि सावकाश खाली गेलं. मला रडू आलं. धंद्यात मला एवढा आनंद पुन्हा कधी झाला नाही.

मुलं शाळेतून येईपर्यंत त्या बाई खिडकीतून हलल्या नाहीत. घाडी उठले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं." तेव्हा त्या चुलीकडे वळल्या.

महिनाअखेर घाडी वॉल्व्हवर परत गेले. डोळे पांढरे स्वच्छ. कांबळे पेढे घेऊन आले. मी वर्गात ती युक्ती पुढेही वापरली. ज्याला झोपेत काही होईल अशी भीती असते त्याला मी आधी विचारते, घरात जागं कोण असतं? तूप, वाटी, गुणगुणणं, सगळं उपयोगाचं आहे, पण ते त्याच्या नंतर.

इथं संपलं असतं तर किस्सा हलकाफुलका झाला असता. पण त्या दुपारी मीसुद्धा सगळं शिकून बसले होते. वास कसा, वारा कसा, वायू जमिनीलगत कसा येतो. आधी मला नुसती भीती होती. आता तिची सगळी माहिती होती. ह्यांची तेव्हा नागपूरला बदली झालेली, घरात मी आणि मुलगी, आणि आम्ही तळमजल्यावर. तळमजल्यावर! मी मुलीची गादी उचलून कॉटवर टाकली, मग कॉटखाली विटा लावल्या. ती विचारायची, आई, विटा का? मी सांगायचे, झाडायला बरं पडतं. दाराखाली ओला टॉवेल ठेवायला लागले. घड्याळ भिंतीकडे वळवलं, दूध घेतलं, गुणगुणले, लोकांना सांगितलेलं सगळं स्वतःवर केलं. पडल्यापडल्या मुलीचा श्वास मोजायचे. सकाळी काजळ घालून वर्गावर जायचे आणि लोकांना सांगायचे, सैल सोडा. कुणाला सांगणार? झोप शिकवणाऱ्या बाईला झोप नाही म्हटल्यावर फीच परत मागितली असती लोकांनी.

उन्हाळा लागला होता. घाडी दुसऱ्या, दुपारच्या पाळीला असले की अकराच्या वर्गाला यायचे आणि इथूनच डबा घेऊन कामावर जायचे. एक दिवस सगळे शवासनात होते. पोस्टमास्तरांचं सुरू झालं होतं. घाडीही झोपले होते, खिडकीजवळ, पोट वरखाली होत होतं. जागी मी एकटी.

आणि मला वास आला.

आधी वाटलं, नेहमीचाच, मनाचा भास. मी श्वास धरला. मग चमचाभर घेतला. वास होता. तिखट, घशाला लागणारा. समोरच्या साड्यांकडे पाहिलं. वारा कारखान्याकडून होता. सतरंज्यांवर माणसं रांगेनं आडवी होती, तोंडं उघडी, हातपाय सैल. मी सांगितलं म्हणून सैल. मी सांगितलं म्हणून खोल श्वास घेत होती. शाळा भरलेली होती. मुलीला घ्यायचं की आधी यांना उठवायचं?

कशी कोण जाणे, मी घाडींपर्यंत गेले आणि त्यांचा खांदा धरला. ते एका हाकेत उठले. मी बोललेच नाही, नुसतं नाकाकडे बोट केलं. त्यांनी घोटभर श्वास घेतला. साड्या पाहिल्या. पुन्हा घोटभर. मग चप्पल न घालता बाहेर गेले. ते परत येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला लिहिता येणार नाही.

ते आले. "बाई, शाळेची पाण्याची टाकी धुतायत. ब्लीचिंग पावडर टाकलीय. पोत्याजवळ जाऊन बघून आलो."

मी मान हलवली.

घाडी माझ्याकडे बघत राहिले. काजळ बहुधा ओघळलं असावं. त्या माणसाला लाल डोळे ओळखायला वेळ लागला नाही. "किती दिवस झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुष्कळ."

"तुमचे साहेब नागपूरला. म्हणजे घरात जोडीदार नाय."

त्यांनी आपली सतरंजी उचलली, दाराशी अंथरली, साड्या दिसतील अशी, आणि मांडी घालून बसले. "पडा तुम्ही."

"घाडी, वर्ग चालू आहे माझा!"

"वर्ग झोपलाय," ते म्हणाले. "पडा."

मी भिंतीशी आडवी झाले. मला लाज वाटत होती आणि अजून भीतीही वाटत होती, पावडरीचा वास येतच होता. डोळे मिटले आणि हिसका बसून उघडले. ते दारात होते, पाठमोरे. मी लहान मुलासारखं विचारलं, "आहात?"

"आहे."

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हं दुसऱ्या बाजूला गेली होती. सतरंज्या गुंडाळून भिंतीशी रचलेल्या. माणसं केव्हाच उठून, आवाज न करता निघून गेली होती, पोस्टमास्तरसुद्धा. शाळेत कविता म्हणण्याचा आवाज येत होता. घाडी दारात तसेच बसले होते, नजर साड्यांवर, डब्याची पिशवी मांडीशी. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि धडपडत उठून बसले. दुसऱ्या पाळीचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता. या माणसाचा खाडा झाला होता. तिकडे कांबळे टाकीपाशी हात बांधून थांबले असतील, एकटे हात लावणार नाहीत.

"अहो घाडी, भोंगा झाला ना! गेला का नाहीत?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते वाट बघत होते. मला कळायला जरा वेळ लागला.

"झालं," मी म्हटलं.

तेव्हा ते उठले, पाय झटकले, डबा उचलला आणि कामावर गेले.